राहात्याच्या मर्सिडीजचे पंख

नगर जिल्ह्यात काय बघायचं, असं मला कुणी विचारलं की मी किल्ला सांगत नाही आणि शिर्डीही सांगत नाही. ती तुम्ही बघालच. मी सांगते जर्मन गाड्या. मग समोरचा माणूस डोळे बारीक करतो आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. परवा नातीनं दम भरला, "आजी, दरवेळी तेच ऐकवतेस, एकदाचं ब्लॉगवर लिहून टाक ना!" म्हणून हा खटाटोप. प्रवास जुना आहे, पार सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा, बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आधीचा. रस्ते तेच आहेत, फक्त रुंद झालेत, आणि नगरचं नाव आता अहिल्यानगर झालंय. भूक मात्र अजून सुप्यालाच लागते.

निघायचं कारण माझा दादा. हा पुण्यातल्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होता. आठवडाभर साहेबांसाठी नट-बोल्ट काढायचा आणि रविवारी घरी बसून स्वतःसाठी गाड्या काढायचा. साध्या नव्हेत, जर्मन, आणि त्यातही मर्सिडीज. आमच्या घरी वाहन म्हणजे दोन सायकली, त्यातली एक कायम पंक्चर. पण मर्सिडीजच्या कुठल्या मॉडेलचा दिवा कसा होता आणि पुढच्या मॉडेलला तो कसा झाला, हे दादा झोपेतही सांगायचा. जुनी मासिकं रद्दीतून आणायची, चित्रं कापायची, ओळीनं लावायची आणि "बघ निमे, मडगार्ड कसं हळूहळू अंगात मिसळत गेलं!" असं म्हणत माझा अभ्यास बुडवायचा. आई म्हणायची, "याला सून आणायची तर तिला आधी चार चाकं लावायला हवीत."

आणि झालं जवळजवळ तसंच. दिवाळीनंतर आम्ही राहात्याला मुलगी बघायला गेलो. बागाईतदार घर, ऊस आणि पेरूची बाग. मुलीचं नाव मंगल, नगरच्या कॉलेजात शिकून नुकतीच घरी आलेली. आणि अंगणात लिंबाखाली उभी होती एक निळसर करडी मर्सिडीज! मुलीच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ती मुंबईच्या एका शेटकडून हौसेनं घेतली होती. डिझेलची होती, त्यामुळे ट्रॅक्टरच्या पिंपातूनच तिची सोय व्हायची. मागच्या बाजूला दोन्ही कडांना पत्र्याचे उंच पंख. आमचे नवरदेव पोहे सोडून तिच्याभोवती फिरायला लागले. मुलीला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गाडी कोण धुतं?" ती म्हणाली, "मीच." यावर हे खूश. मग आबांना उभं करून अर्धा तास व्याख्यान दिलं, की हे पंख अमेरिकेची हवा लागून आले, पुढं कंपनीनं ते काढून टाकले, नवी गाडी बघा कशी सरळ, सपाट, साधी. आबा मान डोलावत होते. निघताना आईनं रीतीप्रमाणे सांगितलं, "आम्हाला काही नको हो, मुलगी आणि नारळ." दोन्हीकडून पसंती झाली, सुपारी फुटली आणि लग्न उन्हाळ्यात धरलं.

जानेवारीत दादाला चार दिवस रजा मिळाली. आबांनी हुरड्याला बोलावलंच होतं. आमच्या काकांची फियाट धूळ खात पडलेली, ती दादानं गोड बोलून मिळवली. नगरला बाबांचे मित्र डॉक्टरकाका राहायचे, त्यांच्याकडे मर्सिडीजचं त्याच्याही आधीचं मॉडेल होतं. म्हणजे आधी डॉक्टरकाकांची जुनी बघायची, मग राहात्याची पंखवाली. "एका जिल्ह्यात दोन पिढ्या, निमे! तू चल, सोबत होईल." सोबत कसली, फियाट ढकलायला माणूस हवं होतं. मी टुणकन उडी मारून तयार झाले.

सकाळी पुण्याहून निघालो. तेव्हा नगर रोड म्हणजे एक ट्रक समोरून आला की आपण खाली मातीत उतरायचं, तो गेला की परत वर चढायचं. शिक्रापूरला चहा, रांजणगावच्या गणपतीला गाडीतूनच नमस्कार, आणि शिरूरला पेट्रोल. पेट्रोल रुपया आणि वर काही पैसे लिटर होतं आणि तरी दादा "महागलं, महागलं" करत होता. आता तुम्ही जाल तेव्हा चौपदरी रस्त्यानं अडीच तासांत नगरला पोचाल, पण कुठंच उतरणार नाही, आणि मग सांगाल की रस्त्यात काही नव्हतं.

आम्हाला मात्र शिरूरच्या पंपावरच घबाड मिळालं. पंपामागच्या बाभळीखाली एक गाडी उभी होती. धुळीनं इतकी माखलेली की रंग कळेना, टपावर ट्रंका बांधलेल्या, आणि एक गोरा आणि त्याची बायको सावलीत केळी खात बसलेले. त्या काळी युरोपातून थेट गाडी चालवत अशी मंडळी यायची. दादानं बोनेटवरची चांदणी पाहिली आणि त्याचं पेट्रोल भरायचं राहूनच गेलं. तेच ते नवं मॉडेल, मासिकात पाहिलेलं! पाठ सरळ, कडा सरळ, पंखांचा मागमूस नाही. माझा दादा, जो घरी तोंड मिटत नाही, तो हात मागं बांधून देवळातल्यासारखा गाडीभोवती गोल फिरला.

गोरा उठून आला. इंग्रजी त्याचंही बेताचं, आमचंही बेताचं. शेवटी दादानं गाडीच्या दारावरच्या धुळीत बोटानं चित्र काढलं, राहात्याच्या गाडीचं, मागं पंखासकट. गोरा मोठ्यानं हसला. त्यानं अंगठा टेकवला, पंख पुसून टाकला, तिथं एक सरळ रेघ ओढली आणि आपल्या गाडीच्या पाठीवर थाप मारली. दोघंही इतके हसले की त्याच्या बायकोनं आणि मी एकमेकींकडे पाहून कपाळाला हात लावला. निघताना तिनं मला दोन केळी दिली. आपल्याच शिरूरची केळी, पण पाहुणचार जर्मन!

सुप्याला भजी आणि तिखट चटणी खाल्ली. मी तीन प्लेटी संपवल्या, हे दादानं पुढं प्रत्येक लग्नकार्यात सांगितलं, म्हणून मीच आधी सांगून टाकते.

नगरला डॉक्टरकाकांचा बंगला कॅम्पाच्या बाजूला होता. काकू दारातच म्हणाल्या, "या बाई, तुमचा भाऊ काही आता आत येत नाही." खरंच नाही आला. गाडी शेडमध्ये होती, दुधावरच्या सायीच्या रंगाची, सगळीकडून गोल गोल. काकांनाही ऐकायला कुणी तरी हवंच होतं. "ह्याच्या आधीच्या गाड्यांना मडगार्ड वेगळं, दिवे वेगळे, बाजूला चढायला पायरी. इथं सगळं एका अंगात आलं बघ." दादा म्हणाला, "आणि पुढच्या मॉडेलला त्याच गोलाईला कडा फुटल्या." काका म्हणाले, "कडा नाही रे, शिंगं फुटली!" असा त्यांचा वाद रंगला. मला आवडलं ते गाडी सुरू करणं. किल्ली फिरवून भागत नाही. एक मूठ अर्धी ओढून धरायची, समोर जाळीमागं एक तार असते, ती निखाऱ्यासारखी लाल होईपर्यंत थांबायचं आणि मग मूठ पूर्ण ओढायची. काका म्हणाले, "पेशंट घाईचा असला तरी ही बाई घाई करत नाही."

दुपारी काकूंनी बाजरीची भाकरी, शेंगोळे आणि लसणाची चटणी वाढली. नगरला गेलात तर शेंगोळे सोडू नका, हॉटेलात मिळत नाहीत, कुणाच्या तरी घरी ओळख काढा. जेवून काका म्हणाले, "चला, गाडीचं दार जरा खालून गंजलंय, मिस्त्रीला दाखवून येऊ. तेवढीच चक्कर." स्टेशन रोडला अब्बासमिस्त्रींचं पत्र्याचं दुकान होतं. ट्रकच्या केबिनी, टेम्पोचे हौदे, सगळीकडे ठोकाठोक. मिस्त्रींनी दार वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "डॉक्टरसाब, आठ दिसांनी आना. उद्या मोठं काम हाय. राहात्याहून हिचीच धाकली भैन येतीय."

दादानं कान टवकारले. "कसलं काम?"

"पाठीमागचे पंख कापायचेत. कापून पत्रा सपाट करायचा, नव्या मॉडेलवानी. जावयाला पसंत न्हाईत म्हनं."

"कोण हा गाढव जावई?" डॉक्टरकाका कडाडले.

दादानं खाली पाहत सांगितलं, "मी."

दुकानातली ठोकाठोक एकदम थांबली. मला आधी हसू आलं, मग दादाचा चेहरा पाहून ते घशातच राहिलं. तो पांढराफटक पडला होता. "मी असं म्हणालोच नाही निमे! मी फक्त सांगत होतो, की पंख आले कसे आणि गेले कसे. मला तर तेच आवडतात!"

"तू सांगत होतास," मी म्हणाले, "आणि ते ऐकत होते. मुलीच्या बापाला नवरा मुलगा जे सांगतो ते सगळं मागणंच वाटतं. उद्या तू म्हणाला असतास की राहात्यापेक्षा महाबळेश्वरची हवा थंड, तर त्यांनी घराला बर्फ लावला असता."

मिस्त्री भला माणूस. म्हणाले, "मी थांबतो, जावईबापू. तुमी सांगा, मी हात लावत न्हाई. पन आबांनी मनावर घेतलं तर ते मनमाडला नेतील, नाशकाला नेतील. लई जिद्दी मानूस." पंखांचं तेवढं निभावलं असतंही. माझी काळजी वेगळीच होती. मी दादाला बाजूला घेतलं. "अरे, पंख राहू देत. मंगलचा विचार कर. जी गाडी ती स्वतः धुते, ती बघायला आलेल्या मुलाला पसंत नाही म्हणून कापायला चाललीय. मला कुणी असं केलं असतं तर मी लग्नाला सरळ नाही म्हणाले असते."

दादा मटकन एका टायरवर बसला. ती मुलगी त्याला आवडली होती, अगदी मनापासून. इतकी की परतीच्या एसटीत तो गाडीबद्दल एक अक्षर बोलला नव्हता, तेव्हाच मी काय ते ओळखलं होतं.

राहात्याला ट्रंक कॉल लावला. संध्याकाळपर्यंत ऑपरेटरबाई "लाईन बिझी, लाईन बिझी" करत होत्या, मग "लाईन बंद" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी फटफटताच आम्ही निघालो. मिस्त्रीच्या दारात हातोड्यासमोर भेटण्यापेक्षा आधीच घरी गाठायचं, असं ठरवलं होतं. काकूंनी डब्यात गूळपोळ्या दिल्या. दादानं एकही खाल्ली नाही. मी खाल्ल्या, भांडायला ताकद लागते.

नगर-मनमाड रस्ता ज्यांनी उसाच्या दिवसात पाहिलाय त्यांना मी काय सांगणार! राहुरीच्या अलीकडून बैलगाड्यांची रांग सुरू होते ती संपतच नाही. प्रत्येक गाडीवर उसाचा डोंगर, वर गाडीवान घोंगडं पांघरून बसलेला. दादा हॉर्न मारतोय, बैलांना काही पडलेली नाही. मी खिडकीतून डोकं काढून "ओ दादा, जरा बाजूला घ्या की!" ओरडतेय, तर एक गाडीवान म्हणतो, "बाजूला कुटं घिऊ ताई, बाजूला पाट हाय."

राहुरी ओलांडून जरा पुढं गेलो, आणि समोरून उन्हात चांदणी चमकली. निळसर करडी गाडी, नगरच्या दिशेनं. "आली!" दादा किंचाळला. आम्ही दोघांनी दोन्हीकडून हात बाहेर काढून जिवाच्या आकांतानं हलवले. समोरच्या गाडीतून आबांनी अगदी आनंदानं हात हलवला आणि गाडी सर्रकन निघून गेली. पाहुणे हुरड्याला चाललेत, आपण संध्याकाळी परत येऊच, असं त्यांना वाटलं असणार.

"निमे," दादा फियाट वळवता वळवता म्हणाला, "पाहिलंस? गाडी ती चालवत होती!"

खरंच. आबा शेजारच्या सीटवर होते आणि स्टिअरिंगवर मंगल. साडीचा पदर खोचलेला, मान ताठ.

त्यांची गाडी डिझेलची, निवांत स्वभावाची, आणि पुढं उसाच्या गाड्यांची रांग. आम्ही त्यांना गाठलं ते एका विहिरीपाशी. दादानं फियाट आडवी घातली. सिनेमात घालतात तशी डौलदार नाही, अर्धी नांगरटीत.

आबा उतरले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, चेहऱ्यावर काळजी. "काय झालं जावईबापू? घरी समदं बरं हाय ना?"

दादानं एका दमात सांगून टाकलं. "आबा, पंख कापू नका. मला असं काही म्हणायचंच नव्हतं. मला काही नको. खरंच काही नको!"

झालं! आबांचा चेहरा एकदम मऊ झाला. ते मागं वळून गाडीकडे पाहत म्हणाले, "बघ मंगे, कशी मान्सं हायेत. त्या दिवशी यांच्या आईबी असंच म्हन्ल्या, काय नको. खानदानी मान्सं त्वांडानं मागत न्हाईत, आपल्याला कळाया पायजे." आणि दादाच्या खांद्यावर हात ठेवून, "तुमी काय बी काळजी करू नगा. मिस्त्री लई हुशार हाय. अशी सपाट करतो की कंपनीला कळायचं न्हाई."

"अहो, पण मला खरंच नको!"

"व्हय, व्हय. कळलं."

दादा जितक्यांदा नको म्हणे, तितका आबांचा निश्चय पक्का होई. मी डोकं धरलं. आपल्याकडं लग्नात वरपक्षाच्या 'नको'चा अर्थ इतक्या पिढ्या उलटा लावलाय, की एखाद्याला खरंच नको असलं तर ते सांगायला शब्दच उरलेला नाही.

तेवढ्यात मंगल उतरली. आबांकडे न बघता ती सरळ दादासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. "मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "आज गाडीची पाठ कापायला लावलीत. उद्या माझं काय काय सपाट करायला लावणार? ते आत्ताच कळलं तर बरं. लग्न अजून झालेलं नाही."

"मंगे!" आबा ओरडले.

"बोलू द्या आबा. गाडी कापायला न्यायची तर तुमचा हात धजला नाही. मीच म्हणाले, मी चालवते. निदान शेवटचं तरी." तिनं गाडीच्या मागच्या बाजूकडे बोट केलं. "गाडी मागं घेताना मला ते दोन पंखच दिसतात. एवढी लांब गाडी कुठं संपते ते त्यांच्यावरून कळतं. मी त्यांच्यावरच शिकलेय. तुम्हाला जुनाट वाटत असतील."

माझा दादा, मडगार्डपासून चांदणीपर्यंत सगळं पाठ असलेला, तिच्याकडे बघतच राहिला. जर्मन कंपनीनं त्या पंखांचं हेच कारण दिलं होतं, गाडी मागं घेताना अंदाज यावा म्हणून. लोकांनी त्याला बहाणा म्हणून हसण्यावारी नेलं होतं. मला त्यानं ते हजारदा वाचून दाखवलं होतं. मला वाटलं, आता हा इथंही व्याख्यान सुरू करतो! मी त्याला चिमटा काढायला हातही पुढं केला.

पण तो गाडीबद्दल बोललाच नाही. त्यानं सरळ सांगितलं, "त्या दिवशी तुमच्याशी काय बोलावं ते सुचत नव्हतं. फार सुचत नव्हतं. म्हणून आबांशी गाडीबद्दल बोलत सुटलो. तुम्ही ऐकाल म्हणून मोठ्यानं बोलत होतो. मला गाडीतलं काही बदलायचं नाही. आणि तुमच्यातलं तर..." इथं त्याचं गाडं अडलं. कान लालबुंद झाले.

मंगल खाली बघत होती, पण तिचा राग उतरत चाललेला मला दिसला. आबा मात्र अजून ठाम. "पोरानं मोठं मन दावलं. पन मी शब्द दिलाय मनातल्या मनात. मागं फिरलो तर उद्या पावनेरावळे म्हन्तील, जावयाची एक हौस फिटंना."

आता माझी पाळी होती. आई म्हणायची की मी जन्मतः भांडखोर आहे, तर त्याचा कुठंतरी उपयोग व्हायला हवा. मी पदर खोचला, रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि म्हणाले, "आबा, मी कोण?"

"तुमी? तुमी जावयाच्या भैन."

"म्हणजे लग्नातली कोण?"

"करवली."

"करवलीचा मान असतो की नाही? करवलीनं मागितलं तर द्यावं लागतं की नाही?"

आबा सावध झाले. "असतो की. मागा ना. साडी म्हना, चांदीची..."

"मला साडी नको, चांदी नको. मला ते दोन पंख हवेत, गाडीवर, जागच्या जागी. कापलेत तर मी रुसेन. साधं नाही, मांडवात भर पंगतीत रुसून बसेन, आणि चार गावची माणसं समजूत घालायला आली तरी उठायची नाही. आमच्याकडची ही एकच मागणी आहे, आणि ती पुरी झाल्याशिवाय मुलगा बोहल्यावर चढणार नाही!"

मागं एका उसाच्या गाडीवरचा गाडीवान आमचं भांडण ऐकायला बैल थांबवून बसला होता, तो म्हणाला, "द्या की पावनं, मागती तर!"

आणि आबा हसले. आधी तोंडावर हात धरून, मग मोकळेपणानं, मग डोळे पुसत. "हे बेस झालं! मागनं केलं! आता कसं समदं रीतीला धरून हाय. आवं, तीन दिस माझ्या त्वांडाला चव न्हवती." ते गाडीच्या मागं गेले आणि त्या पंखांवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली. "दिला. करवलीचा मान दिला."

मग मंगलनं काय केलं ते सांगते. ती गाडीत बसली, मान मागं वळवली आणि त्या अरुंद रस्त्यावर, एका बाजूला पाट आणि दुसऱ्या बाजूला उसाची गाडी, ती लांबलचक मर्सिडीज मागं-पुढं करत एकटीनं वळवून राहात्याच्या दिशेनं उभी केली. गाडीवानानं शिट्टी मारली. मग खिडकीतून दादाला म्हणाली, "बसायचं असलं तर बसा. आबा फियाटमध्ये येतील." दादा बसला. मी आबांना शेजारी घेऊन फियाट चालवली. मला येत होती थोडी, आबांना ते माहीत नव्हतं. ते सगळा रस्ता देवाचं नाव घेत होते.

राहात्याला दोन दिवस राहिलो. शेतात खड्डा करून गोवऱ्यांवर भाजलेला हुरडा, सोबत गूळ, खोबरं, तिळाची चटणी आणि दही. तुम्ही जाल तेव्हा पेरूच्या दिवसातच जा, आणि पेरू रस्त्यावर नाही, बागेत जाऊन झाडाखाली खा. गाडीची मी एक चक्कर मारली. तिचा वेग दाखवणारी पट्टी उभी होती, वेग वाढला की खालून वर चढायची आणि पिवळ्याची लाल व्हायची. मंगल म्हणाली, "लाल झाली की आबा ओरडतात, त्यांना तेवढंच वाचता येतं." दादा आणि ती दोघं बोनेट उघडून तासभर इंजिनात डोकं घालून होते. इंजिन सुरूच नव्हतं, चालू होतं ते दुसरंच काहीतरी.

परत येताना लोणी, संगमनेर करत चंदनापुरीच्या घाटानं पुण्याला उतरलो. हा रस्ता लांब पडतो, पण घाटातून खाली बघायला मजा येते. फियाट दोनदा गरम झाली, एकदा मी ढकलली.

घरी पोचलो तर आई दारातच. "काय म्हणाले राहातेकर? सगळं ठीक?"

मी चपला काढत सांगितलं, "ठीक. मी मागणी करून आले."

आईच्या हातातली बशीच पडायची. "आम्हाला काही नको म्हणून सांगितलं होतं ना मी! काय मागितलंस?" दादानं तिला खाली बसवून सगळं ऐकवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी नको म्हटलं तेव्हा त्यांना काय काय हवंय असं वाटलं असेल, कोण जाणे." आणि तिनं त्याच दिवशी बाबांकडून आबांना पत्र घालायला लावलं, की लग्नाचा खर्च अर्धा आमचा. आबांना ते पटवायला आणखी दोन माणसं पाठवावी लागली.

लग्न झालं. वहिनी घरी आल्या. राहात्याची गाडी पुढं बरीच वर्षं चालली, मग सुटे भाग मिळेनात म्हणून थांबली, आणि कुणा मुंबईच्या शौकिनानं ती नेली. आता असल्या गाड्यांचे मेळावे भरतात, लोक चकचकीत करून आणतात, मी आणि वहिनी जातो. दादा आता नाही. कुणी तरुण पोरगा पंखांबद्दल चुकीचं काही सांगायला लागला की वहिनी त्याला थांबवतात आणि पुढचा अर्धा तास मी खुर्ची शोधते.

माझ्याकडं त्या प्रवासातलं काय राहिलं? पुढच्या वर्षी मला बघायला यायला लागले. पोहे, चहा, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "आम्हाला काही नको." पहिल्या मुलाला मी विचारलं, "माझ्यातलं काय काय तुम्ही बदलणार नाही, ते सांगा." तो घामाघूम झाला आणि त्याच्या आईनं बॅग उचलली. दुसऱ्यानं विचार करून कळवतो म्हटलं, तो अजून विचार करतोय. बाबा म्हणाले, "निमे, असले प्रश्न विचारलेस तर तुझं लग्न व्हायचं नाही."

मग एक जण आला, जाड चष्म्याचा, गाड्यांतलं ओ की ठो न कळणारा. त्यालाही विचारलं. त्यानं पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "हे असं विचारणं."

त्याच्याशी केलं.